शेवटच्या पंगतीतल्या पेशी

सोमवार, ८ नोव्हेंबर २०१०

दिवाळी संपली, उरलेल्या चकल्या मऊ पडल्या आणि आज ऑर्लाने मार्चची तारीख सांगितली. मार्चमध्ये माझी ट्रान्सफरची परीक्षा. कागदोपत्री मी सध्या नुसती मास्टर्सची विद्यार्थिनी आहे. परीक्षकांना काम पटलं तर पीएचडीत बढती, नाही पटलं तर मास्टर्सचं सर्टिफिकेट हातात आणि बाई घरी. ऑर्ला किहो ही माझी गाईड. सुरुवातीला मी तिला मॅडम म्हणायचे, तेव्हा ती मागे वळून बघायची की ही कुणाला हाक मारतेय.

घरी बसणं म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. आयर्लंडला आल्यावर आधी नावन गावात होतो, तेव्हा नवरा, शैलेंद्र, हॉस्पिटलात आणि मी खिडकीत. मिरजेची एमबीबीएस, इथल्या डॉक्टरी रजिस्ट्रेशनच्या परीक्षेत एकदा आपटलेली, परत बसायचा धीर नाही म्हणून पोळ्यांचा गोलपणा सुधारत बसलेली. तिथे परत जायचं नाही म्हणजे नाही. आता ल्यूकनला घर आहे, डब्लिनला लॅब आहे, आणि मार्चपर्यंत रोज काय झालं ते इथे लिहायचं असं ठरवलंय. जमेल तेव्हा, जमेल तेवढं.

आईला फोनवर सांगत होते. ती म्हणाली, "म्हणजे तू मेंदूची डॉक्टर झालीस ना?"

"नाही गं, मेंदूतल्या राखणदारांची. अंगात जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत जातात की नाही? मेंदूत आणि पाठीच्या मज्जारज्जूत त्यांना सहसा आत घेत नाहीत. तिथे घरचेच राखणदार असतात, मायक्रोग्लिया नावाचे. मी बघतेय की सगळीकडचे राखणदार सारखेच असतात, का मोठ्या मेंदूतले वेगळे, लहान मेंदूतले वेगळे आणि मज्जारज्जूतले आणखी वेगळे."

"त्यात बघायचंय काय? कोल्हापूरचा वॉचमन आणि पुण्याचा वॉचमन एक असतो का!"

झालं. माझी चार वर्षं तिने एका वाक्यात उरकली. या पेशी उंदरांच्या असतात हे मात्र मी तिला सांगितलेलं नाही. गणपतीच्या वाहनाचे हे काय हाल करतेस म्हणायची.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा तेच आलं! मज्जारज्जूतले राखणदार चिडलेले, मोठ्या मेंदूतले निवांत. चिडलेले म्हणजे पेशीच्या आत धोक्याचे निरोप तयार होत असतात, ते मोजता येतात. मोठ्या मेंदूत कमी, लहान मेंदूत जरा जास्त, मज्जारज्जूत भरमसाट. जिन्याच्या पायऱ्यांसारखा आलेख. ऑर्ला खुर्चीवरून उठून उभीच राहिली. "मेधा, मज्जारज्जूतल्या पेशी जन्मतःच तापट असतील तर ही मोठी गोष्ट आहे," म्हणाली. जूनच्या परिषदेला सारांश पाठवायचा असं लगेच ठरलं.

आलेख इतका स्वच्छ का येतो हे डोनल विचारत होता. डोनल माझ्या शेजारच्या बाकावरचा, कॉर्कचा, हुशार पण वेंधळा. मी म्हटलं, क्रम मोडत नाही म्हणून. मिरजेला अ‍ॅनाटॉमीचे पुरुषोत्तम सर म्हणायचे, हात रोज त्याच वाटेने गेला पाहिजे. मी सगळे तुकडे एकदम एन्झाइमच्या कोमट द्रावणात टाकते म्हणजे ते सैल होतात. मग एकेक भांडं उचलायचं आणि गाळणीवर चोळून पेशी सुट्या करायच्या. हे हाताचं काम, एका वेळी एकच होतं. आधी मोठा मेंदू, मग लहान मेंदू, शेवटी मज्जारज्जू. अभ्यंगाला तेल लावतात तसं, डोक्यापासून खाली. एकदाही उलटसुलट केलेलं नाही. डोनल म्हणाला, "फेअर प्ले," म्हणजे इथलं शाब्बास.

शैलेंद्र आत्ता देशाच्या त्या टोकाहून, मायो परगण्यातल्या कासलबारहून आला. जुलैपासून तो तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञांच्या टीममध्ये आहे, सोमवारी पहाटे जातो, शुक्रवारी संध्याकाळी येतो. मला आलेखाचं शेवटचं पान पुरं करायचं होतं, म्हणून म्हटलं, तांदूळ प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) आहेत, भात लाव, आमटी गरम कर, मी आलेच. तर म्हणाला, "आठवडाभर तेच करतोय." आणि प्रेसचं दार असं आपटलं की आतल्या बरण्या वाजल्या. सोमवारी जाणारा शैलेंद्र वेगळा असतो आणि शुक्रवारी येणारा वेगळा. मायोची हवाच तशी असावी. असो. आलेख सुंदर आहे.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

देश बुडाला म्हणे. आयएमएफवाले आले, बँका गेल्या, लॅबमध्ये सगळे रेडिओला कान लावून. ऑर्लाचं अनुदान पुढच्या वर्षी अर्ध्यावर येणार. तिने स्पष्टच सांगितलं, "मार्चमध्ये जो पुढे सरकेल त्यालाच मी ठेवू शकते, मेधा. माझ्या हातात नाही." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणजे आता एकच मार्ग, मज्जारज्जूचा निष्कर्ष पक्का करायचा. करीनच.

शाळा सुटल्यावर माझी लेक रेवा ज्या आफ्टरस्कूलमध्ये थांबते, तिथल्या ब्रेडाबाईंनी आज मला थांबवून घेतलं. रेवाने एका मुलाला ढकललं. गेल्या आठवड्यात रंगांचा डबा फेकला होता. सात वर्षांची पोर! मी सहाला पोचते तेव्हा बाकीची सगळी मुलं गेलेली असतात, त्यामुळे बाईंना बोलायला निवांत वेळ मिळतो. रेवा कोट घालून दाराशी उभी होती. मी हात धरायला गेले तर म्हणते, "डोन्ट टच माय कोट!" हा राग तिच्या बाबाच्या घराण्याचा. माझ्या माहेरी कुणी असं नाही.

गुरुवार, २ डिसेंबर

काय हा बर्फ! ल्यूकनहून एकही बस नाही. पामर्सटाउनपर्यंत चालत गेले, तिथून एका भल्या बाईने गाडीत घेतलं. लॅबमध्ये पोचले तर दुपार होत आलेली. आज उंदरांची ठरलेली तारीख होती, ती पुढे ढकलता येत नाही, म्हणून डोनलने आपल्या मनाने कामाला सुरुवात करून टाकली होती. बघते तर मज्जारज्जू गाळून मोकळा! ते भांडं पुढे होतं म्हणून आधी उचललं म्हणे. मोठा मेंदू मागे तसाच पडलेला, त्याची पाळी सगळ्यात शेवटी आली.

मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. बिचारा दोन मैल बर्फातून चालत आला होता. पण क्रम म्हणजे क्रम!

सोमवार, ६ डिसेंबर

बर्फाच्या दिवसाचे आकडे आले. सगळं उलटं. मज्जारज्जू थंडगार, मोठा मेंदू चिडलेला. जिना खालून वर जायच्या ऐवजी वरून खाली.

डोनलने नळ्यांवरची नावं अदलाबदल केली असणार. तो शपथेवर नाही म्हणतो. मग उंदीर गारठले असतील, द्रावण खराब झालं असेल, काहीतरी झालं असेल. त्या दिवशी या देशात धड काय चाललं होतं? मी ऑर्लाला सांगितलं की तो दिवस धरायचा नाही. ती म्हणाली, "कारण काय लिहायचं?" मी म्हटलं, "हवामान." तिने ते वहीत लिहिलं आणि "ग्रँड" म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे, चालेल, आणि मला पटलेलं नाही, यातलं काहीही असू शकतं.

पण एका वेंधळ्या दिवसासाठी मी तीन चांगले दिवस फेकणार नाही.

शुक्रवार, २४ डिसेंबर

नळ गोठले. शेजारचे आजोबा बादलीभर पाणी देऊन गेले. शैलेंद्रला ख्रिसमसची ड्यूटी लागली, कारण बाकीच्यांना कुटुंबं आहेत म्हणे. मग आम्ही कोण? त्याचे दिवसभरात तीन फोन येऊन गेले. मी सारांश पुरा करत होते, उचलता आले नाहीत. चौथा रेवाने उचलला आणि तास-दीड तास त्याला नळाची गोष्ट सांगत बसली. माझ्याशी बोलायची वेळ आली तेव्हा त्याला वॉर्डातून बोलावणं आलं.

सारांश गेला. मज्जारज्जूतले राखणदार मुळातच तापट असतात, असं त्यात मी ठासून लिहिलंय.

शनिवार, २२ जानेवारी २०११

झोपायच्या आधी लिहून टाकते.

आज मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, ल्यूकनच्या चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये. एरवी प्लेट हातात घेऊन उभ्यानेच खातात, पण यंदा सुहासिनीताईंनी हट्ट धरला की पंगतच बसवायची. त्या मंडळाच्या सर्वेसर्वा, नागपूरच्या, मनाने सोनं पण जीभ जरा मोकळी. लांब टेबलं, केळीच्या पानांऐवजी कागदी पानं. आधी मुलं, मग पाहुणे आणि म्हातारी माणसं, मग बाकीचे, आणि शेवटच्या पंगतीला आम्ही वाढपी. मी सकाळपासून पदर खोचून वांगीभात वाढत होते, पोटात फक्त चहा. तिसरी पंगत उठेपर्यंत अडीच वाजून गेले. तेवढ्यात सुहासिनीताई म्हणाल्या, "मेधा, अजून एक पंगत बसवू या गं, नावनहून दोन गाड्या आल्यात. आपण मागून बसू."

माझा तोलच गेला. पळी पातेल्यात आपटली. "मी माणूस आहे की यंत्र?" वगैरे बरंच बोलले. हॉलमधले लोक वळून बघायला लागले. सुहासिनीताई हसत बाजूच्या बाईला म्हणाल्या, "मिरज-सांगलीकडच्या बायका मुळातच तिखट हो."

आणि मी ओरडले, "मुळात-बिळात काही नाही! तुम्ही मला शेवटच्या पंगतीला ठेवलंत म्हणून मी तिखट झालेय. मला पहिल्या पंगतीला बसवून बघा, मग सांगा मी कुठली ते!"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मी तिथेच उभी राहिले. पातेलं हातात, वाफ तोंडावर. मुळातच तापट. शेवटच्या पंगतीला. बर्फाच्या दिवशी मज्जारज्जू पहिल्या पंगतीला बसला होता आणि निवांत होता. मोठा मेंदू शेवटी बसला आणि चिडला. डोनलने नावं अदलाबदल केली नव्हती. माझ्या सगळ्या प्रयोगांत मज्जारज्जूचं भांडं त्या कोमट एन्झाइममध्ये सगळ्यात जास्त वेळ पडून असतं, आणि त्या पाण्यात कुणीही चिडेल. मी जागेचा फरक मोजलाच नव्हता. मी थांबण्याचा फरक मोजत होते, आणि त्याला स्वभाव म्हणत होते.

अगं आई गं! आणि मी तो दिवस फेकून दिला होता. हवामान म्हणून!

सुहासिनीताईंना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी बळेच खुर्चीवर बसवलं आणि स्वतः गुळाची पोळी आणून वाढली, वर तूप. "खा मुकाट्याने," म्हणाल्या. खाल्ली. खाताना मला रडू आलं. त्यांना वाटलं बोलणं लागलं, बिचाऱ्या माफी मागत होत्या. त्यांनी माझ्यावर किती मोठे उपकार केलेत हे त्यांना कसं सांगू?

घरी येऊन शैलेंद्रला सगळं समजावून सांगितलं, डायनिंग टेबलवर वाट्या मांडून. रेवा तिथेच चित्र रंगवत बसली होती. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "म्हणजे शेवटच्या पंगतीची माणसं चिडकी नसतात, उपाशी असतात."

"अगदी बरोबर!"

त्याने शेवटची वाटी जवळ ओढली. मग म्हणाला, "आता काय करणार?" मी म्हटलं, सोमवारी ऑर्लाला सांगणार. तो "सांग" म्हणाला आणि वाट्या उचलून ठेवायला गेला. आज दिवसभर तोही वरण वाढत होता, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

सोमवार, २४ जानेवारी

सांगितलं. आधी डोनलला, त्याची क्षमा मागून. तो म्हणाला, "हे बघ, परीक्षा दोन महिन्यांवर आली. क्रमाबद्दल कुणीही विचारणार नाही. परीक्षा होऊ दे, मग बघू." पाच मिनिटं मला ते फार गोड वाटलं. खोटं कशाला लिहू? नावनची खिडकी डोळ्यांसमोर आली.

मग उठले आणि ऑर्लाच्या खोलीत गेले. बर्फाच्या दिवसाचा आलेख तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा खालून वर वाचला. तिचंही नाव त्या सारांशावर आहे, आणि अनुदानाची ही तऱ्हा. शेवटी म्हणाली, "राइट सो. परिषदेतून सारांश मागे घेते. परीक्षेची तारीख मात्र बदलणार नाही. दोन महिन्यांत तुला काय उभं करता येईल?"

मी म्हटलं, "जे खरं असेल ते."

"ते काहीच नसलं तर?"

"तर काहीच नाही हे नीट सिद्ध करून घरी जाईन."

असं बोलले खरी. बाहेर येऊन बाथरूममध्ये तोंड धुतलं. पण माघार नाही. डोनल आणि मी दोघांनी मिळून गाळायचं, आणि पाळी जवळ आली की मगच तुकडा एन्झाइममध्ये टाकायचा, म्हणजे कुणालाच त्यात थांबावं लागणार नाही. एक दिवस सरळ क्रम, एक दिवस उलटा, एक दिवस चिठ्ठ्या टाकून.

बुधवार, ९ फेब्रुवारी

जिना कोसळला. कुणालाही न थांबवता केलं की मज्जारज्जू आणि मोठा मेंदू सारखेच निवांत. मुद्दाम थांबवलं की कुणीही चिडतं, कुठलाही असो. माझा सुंदर आलेख माझ्याच हातांनी मोडला.

जेवण गेलं नाही. आईला फोन केला, नुसताच. ती म्हणाली, "वॉचमन सारखेच निघाले होय?" मी म्हटलं, हो, निदान रागाच्या बाबतीत तरी. ती म्हणाली, "मग दुसरं काही बघ. मिशा बघ."

आई पण ना! पण फोन ठेवल्यावर वाटलं, खरंच, मी फक्त रागच मोजत बसले होते. सुट्या न करता, जागच्या जागी, पातळ काप घेऊन बघितलं तर? काप घ्यायच्या आधीच मेंदू औषधाने आहे तसा थिजवून टाकतात. तिथे कुणाला थांबावंच लागत नाही. उद्यापासून काप.

शनिवार, १९ फेब्रुवारी

रेवाबद्दल चांगली बातमी. ब्रेडाबाई काल म्हणाल्या की गेले काही आठवडे पोर एकदम बदललीय. ढकलणं नाही, फेकणं नाही, काल तर एका लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधून देत होती. मी म्हटलं, मी तिला टॉनिक सुरू केलंय, लोहाचं, माझ्या आईने पाठवलेलं. त्या म्हणाल्या, "कदाचित." मग हसून म्हणाल्या, "आणि हल्ली तुम्ही लवकर येता, ते बरं होतं." आता दोघं मिळून गाळतो ना, म्हणून प्रयोग चारच्या आत आटपतो. लवकर येण्याने जेवणंही वेळेवर होतात, त्याचाही फायदा झाला असेल. टॉनिकची दुसरी बाटली मागवायला हवी.

शैलेंद्र या शुक्रवारीही धुमसतच आला. मी म्हटलं, तूही टॉनिक घे. हसला नाही.

मंगळवार, १ मार्च

सापडलं!

लहान मेंदूतले राखणदार संख्येने विरळ आहेत आणि त्यांचे हात आखूड, कमी फांद्यांचे. मोठ्या मेंदूतले दाट, झुपकेदार. मज्जारज्जूतले आणखी निराळे, तंतूंच्या रांगेत स्वतःला लांबट करून बसलेले. आणि पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन मज्जारज्जूत जास्त आहे, कापातही आणि सुट्या पेशींतही, क्रम कुठलाही ठेवा. किती दिवस घोळवलं, चिठ्ठ्या टाकल्या, डोनलला नळ्यांची नावं झाकून मोजायला लावलं. हटत नाही. म्हणजे जागेचा फरक आहे! राग हा फरक नाही, पण घडण वेगळी, पसरून बसायची तऱ्हा वेगळी. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा फरक लहान आहे, पण पुन्हा पुन्हा तोच येतो. मिशाच निघाल्या म्हणायच्या!

ऑर्लाने सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला आणि पहिल्यांदाच मला मिठी मारली. "आता मला तुझी भीती वाटत नाही," म्हणाली. म्हणजे आधी वाटत होती. नोव्हेंबरात मी फार खात्रीने बोलत होते म्हणे.

पुढचे तीन आठवडे फक्त लिहायचं. इथे काही लिहिणं होणार नाही.

गुरुवार, २४ मार्च

पास!

परीक्षक दोघं. त्यातल्या पिकल्या दाढीच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचा पहिला निष्कर्ष तुम्हीच मोडलात. आम्ही कुणी तो क्रम विचारलाही नसता. मग का मोडलात?"

मी तयारी केली होती पण ऐनवेळी भलतंच तोंडातून गेलं. म्हटलं, "त्या पेशी थांबून थांबून चिडल्या होत्या, आणि मी त्यांच्या स्वभावावर प्रबंध लिहीत होते. तो त्यांच्यावर अन्याय होता." दोघं हसले. बाहेर थांबायला सांगितलं, आणि मग ऑर्ला आली ती अंगठा वर करूनच. मी आता पीएचडीची विद्यार्थिनी आहे. अनुदान अर्ध्यावर आलं तरी त्यातली जागा माझी. खिडकीत बसणं संपलं!

सगळे पबमध्ये गेलो. मी संत्र्याचा रस घेतला, डोनल माझ्या वाटचंही प्याला. आईला फोन केला, ती रडली. सुहासिनीताईंना फोन केला, त्या म्हणाल्या उद्याच गुळाची पोळी करते. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. पळत बस पकडली.

आफ्टरस्कूलचे दिवे मालवले होते, एकच खोली उजेडात. ब्रेडाबाई किल्ल्या हातात घेऊन उभ्या. रेवा छोट्या खुर्चीवर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाठीवर दप्तर, तोंड नोव्हेंबरातलं. पायाशी रंगांचा डबा उपडा, खडू सगळीकडे पसरलेले. मी दारातूनच ओरडले, "रेवा, मी पास झाले!"

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मॅमी, आय'म द शेवटची पंगत."

मराठीत एक शब्द बोलायचा म्हटलं तर ओठ मुडपणारी पोर. संक्रांतीच्या दिवशी टेबलाशी बसून चित्र रंगवत होती ती. सगळं ऐकत होती.

मी तिथेच, त्या खडूंमध्ये बसले. सगळं एका ओळीत समोर आलं. ढकललेला मुलगा, फेकलेला डबा, सहा वाजताचं ते रिकामं आफ्टरस्कूल, बाबाच्या घराण्याचा राग. आणि टॉनिक! देवा रे, टॉनिक! ब्रेडाबाईंनी तर तोंडावर सांगितलं होतं. उंदरांसाठी मी चिठ्ठ्या टाकल्या, क्रम उलटा केला, सगळ्यांपुढे चूक कबूल केली, आणि माझ्या पोरीचा मी स्वभाव ठरवून मोकळी झाले. मला रडू आवरेना. रेवा घाबरून खुर्चीवरून उतरली आणि माझ्या पदराने, म्हणजे स्कार्फने, माझंच तोंड पुसायला लागली.

"सॉरी, राणी," मी म्हटलं. "तू शेवटची नाहीस."

"आय वॉज टुडे."

"हो. आज होतीस." यावर खोटं काय बोलणार? खडू दोघींनी मिळून भरले. निळा सापडेना, तो माझ्याच टाचेखाली होता.

बसस्टॉपवर तिने विचारलं, "व्हॉट डिड बाबा से?"

आईला सांगितलं, सुहासिनीताईंना सांगितलं, बारमध्ये अनोळखी माणसांनासुद्धा सांगितलं. शैलेंद्रला नाही. शुक्रवारी येईलच की, तेव्हा सांगू, असं मनात कुठेतरी होतं. जुलैपासून सगळं शुक्रवारी, आणि शुक्रवारीसुद्धा माझं पान पुरं झाल्यावर.

मी नंबर लावला आणि फोन रेवाच्या हातात दिला. पहिल्या रिंगला उचलला गेला. त्याचा आवाज मला बाजूला उभं राहूनही ऐकू आला, "काय झालं? सांग पटकन, सकाळपासून खिशातल्या फोनवर हात ठेवून फिरतोय."

"बाबा, मॅमी पास!"

पलीकडून ओरडण्याचा आवाज आला, मग कुणाला तरी इंग्रजीत सांगितल्याचा. मग तो म्हणाला, "दे तिला." मी फोन घेतला. विचारलं, "रागावला आहेस?"

"नाही गं," म्हणाला. "भूक लागलीय जरा."

बस आली, रेवा आधी चढली.

हे लिहून झालं की डाळ आत्ताच भिजत घालायची, म्हणजे उद्या उगाच घाई नको. उद्या दुपारीच लॅबमधून निघायचं, रेवाला घ्यायचं, आणि तो दारात येईल तेव्हा पान वाढलेलं पाहिजे. पहिलं त्याचं.